तुम्ही विचारलंत म्हणून: वाऱ्याचा आकडा

राष्ट्रीय मैदानी स्पर्धेहून परतले की कुणी ना कुणी विचारतंच: "मुलगी पहिली आली, विक्रमापेक्षा कमी वेळ लागला, मग पाठीमागून वारा होता म्हणून विक्रम का धरला नाही? वारा तर आठही जणींना सारखाच होता ना?" धावपट्टीच्या कडेला वाऱ्याच्या यंत्रापाशी बसणारी पंच मीच, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो.

हो, सारखाच होता. म्हणून तर सुवर्णपदक तिचंच राहतं. पण पदकासाठी ती शेजारच्या सात जणींशी पळते आणि विक्रमासाठी त्या दिवशी मैदानात नसलेल्यांशी. काही वर्षांपूर्वी कुणीतरी पडलेल्या वाऱ्यात जीव तोडून पळून गेलेली असते. तिची बाजू मांडायला तिथे कुणीच नसतं, हा वाऱ्याचा आकडा सोडला तर.

100 मीटरला यंत्र अंतिम रेषेच्या 50 मीटर अलीकडे, पहिल्या लेनच्या बाजूला, 1.22 मीटर उंचीवर असतं. बंदूक वाजल्यापासून 10 सेकंद वारा मोजतात, 100 मीटर अडथळ्यांना 13 सेकंद. लांब उडीत खेळाडूने उडी घ्यायच्या फळीपासून 40 मीटरवरची खूण ओलांडली की 5 सेकंद. पाठीमागचा वारा सरासरी 2.0 मीटर प्रति सेकंदापर्यंत चालतो, त्यापुढे विक्रम नाही.

आणि आकडा नेहमी वरच्या दशांशात घ्यायचा. यंत्राने 2.01 दाखवलं तरी कागदावर 2.1 जातं. हे कठोर वाटतं, मलाही वाटतं. पण रेघ एकदा ओढली की ती सगळ्यांसाठी तिथेच हवी.

अमेरिकेच्या बॉब बीमनची 1968ची मेक्सिकोतली 8.90 मीटरची लांब उडी नेमक्या 2.0 वाऱ्यात नोंदली गेली, म्हणून ती विक्रम ठरली. 1991मध्ये टोकियोत कार्ल लुईसने 8.91 मारली, पण वारा 2.9 होता. बीमनच्या पुढे जाऊनही विक्रम मिळाला नाही. त्याच संध्याकाळी माइक पॉवेलने 0.3 वाऱ्यात 8.95 मारली. त्या संध्याकाळचा विचार केला की मला दर वेळी लुईससाठी वाईट वाटतं, आणि तरीही पंचांनी केलं ते योग्यच होतं असं वाटतं.

एका वर्षी महिलांच्या 100 मीटर फायनलमध्ये यंत्रावर 2.04 उमटलं. मी 2.1 लिहिलं आणि पुन्हा एकदा पडदा बघितला. घड्याळ थांबल्यावर उसळलेला जल्लोष फलकावर वारा दिसताच ओसरला. थोड्या वेळाने ती मुलगी स्पाइक्स हातात घेऊन माझ्यापाशी आली. भांडायला नाही. "मॅडम, हे कुठून मोजतं?" म्हणाली. मी दाखवलं. तिने यंत्रासमोर तळहात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "आत्ता तर काहीच नाहीये."

दोन दिवसांनी तिची 200 मीटरची शर्यत होती. सरळ पट्टीत वारा समोरून, उणे 0.4. ती तिसरी आली, पण वेळ तिची आजवरची सर्वोत्तम होती. रेषेपलीकडे वाकून धापा टाकत असतानाच तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दुरूनच अंगठा वर केला आणि आकडा लिहायला घेतला.