तीन मुदतींचा नियम आणि दावाओचे दुतेर्ते

सारा दुतेर्ते हे नाव आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आले ते फिलिपिन्सच्या उपाध्यक्ष म्हणून. पण त्यांचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर मनिलापेक्षा दावाओ शहराच्या महापौरपदाकडे पाहावे लागते. ग्वाल्हेरात वाढलेल्या माणसाला घराण्याचे राजकारण नवे नाही. शिंदे घराण्याच्या राजमाता विजयाराजे १९५७ साली गुना मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या, तेव्हापासून येथल्या प्रत्येक निवडणुकीत महल कोणाच्या बाजूने आहे हा प्रश्न विचारला गेला आहे. तरीही दावाओची हकिकत मला अधिक विचार करायला लावते, कारण एकाच हाती सत्ता राहू नये म्हणून जो नियम केला, त्याचाच तेथे घराण्याने जिना करून घेतला.

हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस यांची राजवट १९८६ साली कोसळली आणि पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आली. तिच्यानुसार महापौराची मुदत तीन वर्षांची असते आणि सलग तीन मुदतींनंतर त्याला त्याच पदासाठी लगेच उभे राहता येत नाही. राजकीय घराण्यांना मज्जाव करावा असेही ती सांगते; परंतु घराणे कशाला म्हणायचे हे तिने पुढे होणाऱ्या कायद्यावर सोपवले. तो सर्वसाधारण कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.

साराचे आजोबा व्हिसेंते दुतेर्ते हे अखंड दावाओ प्रांताचे गव्हर्नर होते. आजी सोलेदाद यांनी दावाओत मार्कोसविरोधी निदर्शनांचे नेतृत्व केले होते, म्हणून सत्तांतरानंतर नव्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी त्यांना शहराचे हंगामी उपमहापौरपद देऊ केले. त्यांनी ते स्वतः न घेता मुलाला द्यायला सुचवले. तो मुलगा, म्हणजे साराचे वडील, सरकारी वकील रोद्रिगो दुतेर्ते, १९८८ साली महापौर झाला. १९९८ साली मुदतीची मर्यादा आडवी आली, तेव्हा ते संसदेत गेले आणि खुर्ची बेंजामिन दे गुझमान या सहकाऱ्याकडे गेली. २००१ साली दुतेर्ते परतले, तेव्हा त्याच सहकाऱ्याशी त्यांना लढावे लागले. ते जिंकले, पण मला वाटते की घराण्याने खरा धडा येथेच घेतला. खुर्ची राखायला ठेवायची ती रक्ताच्या माणसाकडे, कारण बाहेरच्याला खुर्चीची गोडी लागते.

पुढच्या वेळी, २०१० साली, मर्यादा पुन्हा आली तेव्हा उपमहापौर असलेल्या सारा उभ्या राहिल्या. त्यांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे तत्कालीन सभापती प्रोस्पेरो नोग्रालेस यांचा पराभव केला आणि त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. वडील उपमहापौर झाले. म्हणजे कालपर्यंत ज्यांच्या हाताखाली मुलगी काम करत होती, ते आता कागदोपत्री मुलीच्या हाताखाली होते.

मात्र सारा यांना केवळ वडिलांची जागा धरून ठेवणाऱ्या म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०११ मध्ये आगदाओ भागातली झोपडपट्टी पाडण्याचा न्यायालयीन आदेश घेऊन एक अधिकारी आला होता. शहरात नुकताच पूर येऊन गेला होता आणि सारा मदतकार्यात होत्या. त्यांनी दोन तास थांबण्याची विनंती केली होती. ती मानली गेली नाही आणि रहिवासी व पोलीस यांच्यात झटापट सुरू झाली. सारा तेथे पोहोचल्या, त्यांनी त्या अधिकाऱ्याला जवळ बोलावले आणि वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर त्याच्या तोंडावर एकामागून एक ठोसे लगावले. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या महापौरांनी न्यायालयाच्या माणसाला मारावे, हे कोणत्याही कसोटीवर असमर्थनीयच; पण झोपडीतल्या माणसाने त्या दिवशी काय पाहिले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. घराणी केवळ पैशावर आणि दहशतीवर टिकतात असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा. अर्थात दावाओत दहशतही होती, आणि तेथील मारेकरी टोळ्यांच्या आरोपांनी वडिलांचा पिच्छा पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत सोडला नाही.

व्यक्ती मोजणारा नियम घराला कसा चुकवता येतो, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. मध्य प्रदेशात महापालिकांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. वॉर्ड राखीव झाला की अनेकदा जुन्या पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, पत्नीचे नाव मतपत्रिकेवर येते; फलकावर तिचा फोटो लहान आणि त्याचा मोठा, आणि खाली दिलेला मोबाइल क्रमांक त्याचा. नळाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाशी बोलतात ते पार्षद-पतीच. त्यातल्या काही जणी पुढे स्वतःच्या बळावर उभ्या राहतात, हेही खरे.

दावाओत २०१३ साली वडील महापौरपदी परतले. ते २०१६ साली राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा सारा परतल्या. २०२२ साली त्या उपाध्यक्ष झाल्या तेव्हा धाकटा भाऊ सेबास्तियान महापौर झाला. मार्च २०२५ मध्ये रोद्रिगो यांना अटक होऊन आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या ताब्यात हेगला नेण्यात आले, आणि मे महिन्यात दावाओने त्यांनाच पुन्हा महापौर निवडले. ते येऊ शकत नसल्याने उपमहापौर म्हणून निवडून आलेला सेबास्तियान कारभार पाहू लागला.

नात्यावर स्पष्ट बंदी घालणारा एक कायदा मात्र संसदेने २०१६ साली केला. तो वस्ती पातळीवरच्या युवक मंडळांसाठी आहे. तेथे अठरा ते चोवीस वर्षांच्या उमेदवाराचे आई, वडील, आजोबा किंवा भावंड त्या भागात निवडून आलेल्या पदावर असेल, तर त्याला उभे राहता येत नाही. महापौर, गव्हर्नर आणि स्वतः संसद सदस्य यांना ही अट लागू नाही.