ओढलेली तार काळजाला का भिडते

गायक कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्यावर, कान तयार झालेल्या या भागात इलेक्ट्रिक गिटारची ओढलेली तार अनपेक्षितपणे डोळ्यांत पाणी आणते, यात नवल नाही. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्याला (फ्रेटला) डी हा सूर वाजतो. तिथून तार बाजूला ओढत थेट वरचा ई गाठायचा. अनामिकेने दाबा, मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला, जोर मनगटाचा. नुसत्या बोटाने ओढली की सूर किंचित खाली राहतो आणि सगळी आर्तता जाते. ई लागल्यावर क्षणभर स्थिर राहा, मगच कंप द्या. अंगावर काटा येतो तो तिथेच! नव्या तारा मात्र आदल्या दिवशी चढवून हाताने ताणून घ्या, नाहीतर ऐन कार्यक्रमात सुरातून उतरतात.