बदकाच्या छातीतले तांदूळ

थंडी पडली, हतनूर धरणाच्या पाण्यावर तलवार बदकं आणि थापटे ही रानबदकं उतरली, की एक फोटो माझ्या फोनवर हमखास येतो. सोललेलं रानबदक, छातीचं लाल मांस आणि त्यात तांदळासारखे पांढरे दाणे. फोटो बहुधा परदेशातल्या शिकाऱ्याचा असतो. पाठवणारा अमळनेरकडचा कुणी ओळखीचा. "डॉक्टरसाहेब, हाई काय शे? कोंबडी खावी का नाही?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कोंबडीचं आधी सांगतो. हे दाणे म्हणजे एक परजीवी, आणि तो बदकांचा. त्याचे दाणे डोळ्यांना दिसण्याइतके वाढायला काही महिने लागतात आणि शेडमधली ब्रॉयलर सहाएक आठवड्यांत विकली जाते. नीट शिजवलेली कोंबडी निर्धास्त खा.

आता दाण्यांचं. यांना लोक किडे म्हणतात, पण हा किडाही नाही आणि अळीही नाही. सार्कोसिस्टिस रायलेयी नावाचा हा एकपेशीय जीव आहे. प्रत्येक दाणा ही एक गाठ असते आणि तिच्या आत असंख्य पेशी दाटीने भरलेल्या असतात. हा जीव एका बदकाकडून दुसऱ्या बदकाकडे जात नाही. मधे मांसाहारी प्राणी लागतो. अमेरिकेत तो पट्टेदार स्कंक आहे, युरोपात लाल खोकड. त्याच्या विष्ठेतून बीजं पाण्यात येतात, उथळ पाण्यात चरणारं बदक ती गिळतं आणि ती स्नायूंत जाऊन गाठी धरतात. तेच बदक खोकडाने खाल्लं की चक्र पुरं होतं. म्हणून त्या वर्षीच्या पिल्लांत हे दाणे क्वचित दिसतात, मोठ्या बदकांत जास्त.

मला खरं सांगायचंय ते पुढे. फोटोवरून अंदाज बांधता येतो, नाव सांगता येत नाही. अंदाजाची पहिली खूण म्हणजे दाण्यांची दिशा: ते स्नायूंच्या तंतूंना समांतर, एकाच रोखाने पडलेले असतात. चरबी तशी नसते. ती स्नायूंच्या मधल्या पडद्यांत पसरते आणि बोटांत दाबली की चिकट लागते. गोलकृमी असेल तर तो सुट्टा काढता येतो, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं कातडं आणि आतडं दिसतं. पक्ष्यांच्या क्षयाच्या गाठी यकृतात आणि प्लीहेत आधी शोधायच्या असतात. त्यामुळे फक्त छाती पाहून निकाल देणारा माणूस मला पटत नाही.

मग एक दाणा चिमट्याने उचलायचा, काचपट्टीवर सलाईनच्या थेंबात ठेवायचा आणि वरून पातळ काच दाबायची. गाठ फुटते आणि केळ्याच्या आकाराच्या पेशींचा लोंढा बाहेर येतो. जिम्सा रंग दिला की त्या स्वच्छ दिसतात. इथे सार्कोसिस्टिस एवढं ठरतं, जात मात्र ठरत नाही, कारण या गटात कितीतरी जाती आहेत. जात ओळखायची ती गाठीच्या भिंतीवरून. भिंतीवरच्या उंचवट्यांची ठेवण प्रत्येक जातीत वेगळी असते आणि ती बारकाईने बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शेवटची खात्री डीएनएवरून करतात. त्यातही १८एस हा नेहमीचा भाग जवळच्या जातींत जवळपास सारखाच निघतो, म्हणून आयटीएस-१ हा भाग तपासलेला बरा.

जिवंत पक्ष्यात बाहेरून यातलं काहीच कळत नाही. गाठी असलेलं बदक एरवी धडधाकट दिसतं, उडतं. म्हणून मेलेलं बदक सापडलं की त्यात तांदूळ आहेत का, हे कापून बघायचा मोह होतो. तो मोह कृपा करून आवरा, कारण पक्षी बर्ड फ्लूने मेलेला असू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला, २०२१ मध्ये पुन्हा आला. त्या वेळी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि माणसं कर्जात बुडाली. दाण्यांनी कुणाचं घर बसत नाही, त्या विषाणूने बसतं. दाणे डोळ्यांना दिसतात, विषाणू दिसत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा मेलेला रानपक्षीही सरकारची मालमत्ता असतो.

तेव्हा हात न लावता दुरून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि वनखात्याला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. लगेच म्हणतो, कारण आपल्याकडच्या उन्हात पक्षी दुपारपर्यंत सडायला लागतो आणि मग स्नायूंत बघण्यासारखं थोडंच उरतं. दवाखान्यात नमुना आला की एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, गाठीच्या भिंतीसाठी. दुसरा अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये घातला तर डीएनए खराब होतो. सगळाच गोठवला तर पेशी फुटतात आणि भिंत नीट वाचता येत नाही.