भाट्याच्या खाडीतला गुलाबी ठिपका

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी आज बसले. गोष्ट एका बॅक्टेरियाची आहे, जो जवळजवळ दीड वर्ष "आमचा" होता.

रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत ओहोटीला सॅम्पल घ्यायला गेलो होतो. हातात पीव्हीसी पाईपचा कापलेला तुकडा, फाल्कन ट्यूबा, बर्फाचा डबा आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. वरचा बोटभर गाळ तपकिरी, त्याखाली एकदम काळाकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास, कारण खाली ऑक्सिजन नसतो आणि तिथले जंतू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाईड सोडतात. शिवल्या काढणाऱ्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "काय गो, शिवल्या सोडून चिखल कशाला नेतेस?" काय सांगणार!

लॅबमध्ये आल्यावर तो गाळ दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत झोबेल मरिन अगरच्या, म्हणजे समुद्री जंतूंचं खाद्य घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरवला. आता इथेच एक गोम आहे, गाळात जेवढे जंतू असतात त्यातले फार फार तर शेकडा एखादाच प्लेटवर उगवतो, बाकीच्यांना आपलं जेवण आवडतच नाही. आठवड्याने एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी गुलाबी कॉलनी दिसली. चार वेळा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढत वेगळी काढून, शुद्ध केली, नाव दिलं बीटी-14, आणि 16एस जीन सिक्वेन्सिंगला पाठवला. ही डीएनएची साधारण 1500 अक्षरांची पट्टी सगळ्या बॅक्टेरियात असते म्हणून तुलनेला बरी पडते. रिझल्ट आला, सगळ्यात जवळच्या टाईप स्ट्रेनशी (म्हणजे ज्याच्यावरून एखाद्या प्रजातीचं नाव ठरलं तो मूळ नमुना) 98.1 टक्के साम्य. 98.7 च्या खाली म्हणजे नवीन प्रजाती असण्याची दाट शक्यता. त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं की मला नवीन जंतू सापडला, ती म्हणाली आधी हात धू.

लोकांना वाटतं की सापडला म्हणजे झालं. अहो, खरं काम तिथून सुरू होतं! पूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचून काढा, मग एएनआय काढा, म्हणजे दोन जीनोममधला सारखेपणा, तो 95-96 टक्क्यांच्या वर गेला की प्रजाती एकच. आमचा 84 आला, हुश्श. मग किती मिठात वाढतो, किती तापमानाला, किती पीएचला, कुठली साखर खातो, पेशीतली फॅटी ॲसिडं कुठली. आणि हे सगळं त्याच्या जवळच्या नातेवाईकाला शेजारी बसवून, त्याच खाद्यावर, त्याच तापमानाला करायचं, नाहीतर रिव्ह्यूअर हाकलून देतो. तो नातेवाईक परदेशातल्या कलेक्शनमधून, म्हणजे जंतू जपून ठेवणाऱ्या संस्थेतून, मागवावा लागला, कागदपत्रं धरून चार महिने. आला तेव्हा ॲम्प्युल, म्हणजे त्याची बंद काचेची कुपी, फोडताना माझे हात थरथरत होते.

शिवाय टाईप स्ट्रेन जिवंत असा दोन वेगवेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये ठेवावाच लागतो, त्याशिवाय नाव अधिकृत होत नाही. आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा आहे, त्यामुळे बाहेर पाठवायचं तर आणखी कागद. हा नियम किती कडक आहे बघा, ग्वादलूपच्या कांदळवनात बुडालेल्या पानांवर एक बॅक्टेरिया सापडला, थायोमार्गारिटा मॅग्निफिका, चक्क सेंटीमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसतो, 2022 मध्ये सायन्समध्ये छापून आला, पण लॅबमध्ये वाढवता येत नाही म्हणून त्याच्या नावाआधी "कॅन्डिडेटस", म्हणजे उमेदवार, लागतं. म्हणजे एवढा मोठा होऊनही बिचारा उमेदवारच! मला हे थोडं अन्यायाचं वाटतं, पण आमचा तर वाढत होता त्यामुळे मी गप्प.

नावाचंही ठरलं होतं. गावाच्या नावाला "एन्सिस" जोडायचं, जीनस (नावातला पहिला शब्द, प्रजातीच्या वरचा गट) नपुंसकलिंगी असेल तर "एन्से", लॅटिनचं व्याकरण इथे उपयोगी पडेल असं शाळेत कुणी सांगितलं असतं तर हसले असते. रत्नागिरिएन्सिस. वहीच्या मागच्या पानावर मी किती वेळा लिहून बघितलं असेल देव जाणे.

पेपर सबमिट करायच्या आदल्या आठवड्यात गाईड सर म्हणाले, एकदा सिक्वेन्स परत टाकून बघ गं, डेटाबेस अपडेट झाला असेल. सोमवारी सकाळी चहा घेत घेत टाकला. पहिल्याच ओळीत 99.9 टक्के. नवीन नाव, जेमतेम महिन्यापूर्वी छापलेलं, दुसऱ्या देशातल्या किनाऱ्याच्या गाळातून. मी आधी सॅम्पल मिसळलं असेल म्हणून तीनदा तपासलं, मग त्यांचा जीनोम उतरवून एएनआय काढला, 98. संपलं. तोच जंतू. त्यांची कॉलनीही गुलाबीच.

सर फार काही बोलले नाहीत, कॅन्टीनला घेऊन गेले आणि वडापाव खाऊ घातला. त्यांचं स्वतःचंही पूर्वी असं झालंय म्हणे. वाईट वाटलं का, तर हो, दोन दिवस लॅबलाच गेले नाही. पण खरं सांगू, इतक्या लांबच्या किनाऱ्यावर आणि आपल्या भाट्यात एकच जंतू निघावा याची गंमतही वाटली, नंतर.

बीटी-14 अजून ग्लिसरॉलमध्ये, उणे 80 च्या फ्रीजरमध्ये आहे. ट्यूबवर लेबल माझ्याच अक्षरातलं. आई अजूनही फोनवर विचारते, तुझ्या त्या जंतूचं बारसं कधी गं? तिला सांगितलं, झालं की, पण दुसऱ्याच्या घरी.