अर्क कधी घातलास?

जिवंत पेशींना जांभळं करणारा क्रिस्टल व्हायोलेट रंग धुऊन पेशी वाढवलेली खान्याखान्यांची प्लेट उजेडासमोर धरली आणि मी मॅडमना हाकच मारली. नुसत्या विषाणूच्या खान्यात जांभळ्या थरावर पांढरे ठिपके विखुरलेले, म्हणजे विषाणूने पेशी मारलेल्या जागा. हिरड्याचा अर्क मिसळलेल्या विषाणूच्या खान्यात एकही नाही, सलग जांभळा रंग.

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये गाईंच्या हर्पिस विषाणूवर, बीएचव्ही-१ वर, वनस्पतींचे अर्क आणि तयार औषधं तपासतो. या विषाणूने गाईला ताप भरतो, नाक लालबुंद होतं, दूध आटतं, गाभण असली तर गाभडते. हिरडा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला, त्यामुळे माझा जीव त्यात जरा जास्तच गुंतलेला.

मॅडमही खूश झाल्या, पण लगेच विचारलं, "अर्क कधी घातलास?"

"विषाणूत मिसळून तासभर ठेवला, मग पेशींवर घातला."

"म्हणजे नळीतच मारलास. गाईच्या अंगात विषाणू पेशीबाहेर थांबेल का?"

अर्काच्या त्या मात्रेने पेशी मरत नाहीत, हे एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारी चाचणी, करून आधीच पाहिलं होतं. आता वेळ बदलली. विषाणू पेशींत शिरू दिला, तासाभराने काही खान्यांत हिरडा घातला, काहींत असायक्लोव्हिर हे माणसाच्या हर्पिसवरचं औषध.

तीन दिवसांनी प्लेट रंगवली. हिरड्याच्या खान्यांत नुसत्या विषाणूइतकेच ठिपके! मला फार वाईट वाटलं. असायक्लोव्हिरने ठिपके घटवले होते, तेही भरपूर मात्रा दिल्यावर. हे औषध चालू व्हायला विषाणूचंच थायमिडीन कायनेज हे एन्झाइम लागतं, आणि माणसाच्या हर्पिसवर ते जितकं चालतं तितकं या विषाणूवर चालत नाही.

हिरड्यातले टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे पदार्थ, विषाणूच्या आवरणावरच्या प्रथिनांना चिकटतात, तो आत शिरला की त्यांचा हात पोहोचत नाही. शिवाय हा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून राहतो, प्रवासाचा किंवा विण्याचा ताण आला की पुन्हा उठतो. दडलेल्यावर दोन्ही निरुपयोगी. म्हणूनच 'अर्काने विषाणू मरतो' एवढ्यावर गोठ्यात काढे खपवणाऱ्यांचा मला संताप येतो. त्या शेतकऱ्याची गाय गाभडते तेव्हा त्याचं वर्ष बुडतं.

तरी हिरडा मी सोडलेला नाही. आजारी गाईच्या नाकातून विषाणू बाहेर पडतो आणि शेजारच्या गाईला लागतो, तेव्हा तो पेशीबाहेरच असतो. अडचण एवढीच की टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतात, शेंबडातल्याही. पुढच्या प्लेटमध्ये विषाणू शेंबडात मिसळून अर्क घालणार आहे. तिथे टिकला, तरच नाकात फवारण्याचं बोलता येईल.