ताकद नसलेला दंड ओढतो कसा?

डिसेंबरात आमच्याकडची ओपीडी ओस पडते. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते आणि मजुरी बुडवून पोराचा हात दाखवायला कोण येणार? त्या बुधवारी तालुक्याच्या शिबिरात बाकावर दोनच पोरं होती. योगायोग असा की दोघांचेही हात जन्माच्या वेळीच अधू झालेले.

मी फिजिओथेरपिस्ट. आरबीएसके, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम; त्याची गाडी अंगणवाड्या आणि शाळांमधून पोरं तपासत फिरते. ज्यांच्या हातापायात काही सापडतं, त्यांची यादी माझ्याकडे येते. महिन्यातून एकदा मी तालुक्याला जाते.

पहिला पोरगा माझा जुनाच. घाटंजीकडच्या खेड्यातला, पाच वर्षांचा. जन्माला आला तेव्हा वजन चार किलोच्या वर. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सोडवताना मान एका बाजूला ताणली गेली आणि मानेतून उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यातली वरची दोन मुळं, पाचवं आणि सहावं, दुखावली. याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात. माझ्यापर्यंत आला तेव्हा चौदा महिन्यांचा होऊन गेला होता. खरं तर तीन महिन्यांत बेटकुळी हलली नाही, तर अशा बाळाला नसांच्या सर्जनकडे पाठवायचं असतं. तुटलेली नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, आणि स्नायू तिची वाट कायम पाहत बसत नाही. दीडेक वर्षात नस जोडून घेण्याची त्याची जागाच विरून जाते. या पोराची नस सातव्या-आठव्या महिन्यात आपली आपणच थोडी परतली होती, एवढं त्याचं नशीब. हात तोंडाशी जायचा. फक्त लाडू खाताना कोपर बाजूला असं वर उचलायचा, की तुतारी फुंकतोय असं वाटावं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मात्र तो डाव्या हातानेच ओढतो, हे त्याच्या आईनं मला फार पूर्वी सांगितलं होतं.

त्या दिवशी हात तपासला तर मागच्यापेक्षा वाईट. कोपर सरळ करायला गेलं की शेवटचे तीसेक अंश उरायचे, तिथून पुढे हलेना. खांदा आत वळलेला. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायला गेले तर खवाटाच सोबत फिरायला लागला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घरी व्यायाम होत नाहीत वाटतं."

आई काही बोलली नाही. पिशवीतून तिनं कॅलेंडरच्या पानांची सुरळी काढली आणि टेबलावर पसरली. साडेतीन वर्षांची पानं. रोजच्या चौकोनात निळ्या पेनाच्या बारीक रेघा, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. सासऱ्याच्या तेराव्यापर्यंतचे दिवस तेवढे कोरे.

मी फाइल चाळत राहिले, नजर कुठे ठेवावी म्हणून. तर मागच्याच पानावर माझ्याच अक्षरात ओळ सापडली: "घरी व्यायाम अनियमित. आईस समज दिली."

तेवढ्यात दुसऱ्या पोरीची आजी पुढे सरकली. तीन वर्षांची पोरगी, डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लुळा. त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली, डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा बारीक. ही खूण दिसली की आमच्या छातीत धस्स होतं. नस वाटेत तुटलेली नाही, मूळच मणक्यातल्या मज्जारज्जूतून उपटून आलंय, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. हात गार, बारीक, काडीसारखा. पण मी तो उचलला आणि गोंधळले. खांदा बाहेरच्या बाजूला सहज पूर्ण वळला. कोपर सरळ. कुठे अडकणं नाही, आखडणं नाही.

"मालिश करता का आजी?"

"आमी त काईच नाई केलं माय. मेलेल्या हाताले काय करता?"

कॅलेंडरवाली आई हे सगळं पाहत होती. तिनं विचारलं, "मॅडम, एक इचारू? या पोराच्या दंडात ताकद नाई म्हन्ता तुमी. मांगचा त धडधाकट हाये. मंग त्यानं हात सरळ कराले पायजे ना? ज्या दंडात ताकद नाई, थोच कोपर वढून काऊन धरते?" आणि मग हळू आवाजात, "थ्या पोरीचं कोनी काई नाई केलं, तरी तिचा हात मऊ."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं ते असं: एका बाजूचा स्नायू दुबळा पडला की समोरचा जोरकस स्नायू सांध्याला आपल्याकडे ओढतो, आणि हलवला नाही तर सांधा तिथेच आखडतो. खांद्याला हे बसतं, म्हणून कोणी शंका घेत नाही. कोपराला ते उलटं लागतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सातवी पास बाईच्या आलं. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात सांगते." पोरीला नागपूरला पाठवायची चिठ्ठी लिहिली, तिथला फोन नंबर आजीच्या पदराच्या गाठीत बांधून दिला आणि एसटी पकडली.

पुढचे काही दिवस रात्री वाचत बसले. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी उंदरांच्या पाच दिवसांच्या पिल्लांवर प्रयोग केलेत. पुढच्या पायाच्या नसा तोडल्या, तर चारच आठवड्यांत पिल्लांचं कोपर आणि खांदा आमच्या पोरांसारखेच आखडले. स्नायू कापून पाहिला तर दिसलं की तो लांबच झालेला नाही. स्नायू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या बारीक कड्यांची साखळी. मूल वाढतं तसं हाड लांब होतं आणि साखळीला नव्या कड्या जोडल्या जातात. तान्हेपणी नस गेली की ही जोडणी मागे पडते, आणि आहेत त्या कड्या तारेसारख्या ताणल्या जातात. मोठ्या माणसाची नस अपघातात तुटली तर स्नायू सुकतो, पण त्याला लांब व्हायचंच नसतं. बाळाला व्हायचं असतं. म्हणजे दुबळी बेटकुळी जोर लावून कोपर ओढत नव्हती. ती आखूड राहिली होती.

पोरीच्या मऊ हाताचं उत्तरही तिथेच होतं. संवेदना नेणाऱ्या नसांच्या पेशींची गाठ मज्जारज्जूच्या जरा बाहेर असते. मूळ आतून उपटलं, तर मेंदूशी संबंध तुटतो, हात लुळा पडतो, पण गाठ आणि स्नायू यांच्यातला धागा शाबूत राहतो. ताण जोखणारे स्नायूतले बारीक तंतू त्या धाग्यावर जगतात आणि स्नायू वाढत राहतो. नस गाठीच्या पुढे तुटली की हा धागाही जातो. उंदरांत हे दाखवून झालंय. आखडणं रोखणारं एक औषधही उंदरांत चाललं, पण ते रक्ताच्या कर्करोगाचं, जहाल. पोरांना द्यायची गोष्ट नाही ती.

याच वाचनात जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म भेटला. जन्म १८५९ चा, डावा हात असाच. लहानपणी तो हात नुकत्याच मारलेल्या सशाच्या कलेवरात ठेवत, म्हणजे त्यातली ऊब आणि ताकद उतरेल. वीज लावून झाली. हात आखूडच राहिला. राजवाड्यातही त्याच्या आईनं स्वतःलाच दोष लावून घेतला होता.

जानेवारीत, संक्रांतीनंतर, आई पुन्हा आली. मी साखळी, कड्या वगैरे सांगायला लागले. तिनं मधेच तोडलं, "म्हन्जे पोरगं वाढलं अन् सदरा मांगच्या वर्षीचाच."

हो. तेच.

"मंग मालिश बंद करू?"

नाही म्हटलं. ताणण्यानं नव्या कड्या फुटत नाहीत, पण सांधा हलता ठेवावाच लागतो. कोपराला काही आठवडे बदलत्या प्लास्टरनं थोडं थोडं सरळ करायचं, मग रात्रीचा पट्टा. खांद्याचं मात्र नागपूरला दाखवायचं, लवकर. दंडाच्या हाडाचा आत वळलेला गोळा वाढत्या वयात खांद्याच्या वाटीचा आकारच बिघडवतो, आणि वाटी चपटी झाली की मग स्नायू बदलून बसवण्याच्या शस्त्रक्रियेचाही फारसा उपयोग राहत नाही. आम्ही उशीर केलाय, हेही सांगितलं.

फाइलमधली ती ओळ मी तिच्यासमोर एका रेघेनं खोडली, खाली सही आणि तारीख टाकली. तिला त्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, "हे मायाजवळ नोका सांगू. सासूले सांगा."

फोन लावला. सासू फरदडीच्या वावरात होती, रेंज जायची-यायची. मी दोनदा सगळं सांगितलं. पलीकडून वारा ऐकू येत होता.

"मंग चुकलं कोनाचं?" सासूनं विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"बाळंतपणात नस ताणली गेली, आजी. पुढे तुमच्या सुनेचं काही चुकलं नाही. तिला बोलले, ते माझं चुकलं."

बराच वेळ नुसता वारा. मग म्हणाली, "बरं. येतानी त्याच्यासाठी समोरून बटनाचा सदरा आन मना, ढिल्या बाह्यांचा. डोक्यातून घालतानी लय रडते थो."