तुम्ही विचारलंत म्हणून : ब्रेक्झिटने ब्रिटनचं वाटोळं झालं की भलं?

पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुधा काका, मामा किंवा सोसायटीतले कुणी निवृत्त बँक अधिकारी, आणि त्यांना उत्तर एका शब्दात हवं असतं. मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते, एका मालवाहतूक कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं बघते, म्हणून मला ते ठाऊक असणार असा त्यांचा समज.

एकच शब्द हवा असेल तर : तोटा. पण ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही याच्या, मतदानाआधी जे भांडण चाललं होतं त्यात आपल्या लोकांचा विषय जवळजवळ नव्हता, आणि निकालानंतर जे थोडेफार लोक फायद्यात राहिले त्यांत आपण होतो. हे सांगायला थोडं अवघड जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

२३ जून २०१६ला मतदान झालं. युरोपीय संघ सोडावा म्हणणारे ५१.९ टक्के, राहावं म्हणणारे ४८.१. या मतदानात मीही मत दिलं, आणि तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता. पुण्यात हे कुणाला खरंच वाटत नाही. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहतात त्यांना तिथे मतदानाचा हक्क आहे, आणि सार्वमतालाही तोच नियम लागला. उलट, वीस-वीस वर्षं इथे राहिलेल्या फ्रेंच, पोलिश, पोर्तुगीज माणसांना मत नव्हतं.

माझ्या गल्लीत याचा विचित्र प्रकार बघायला मिळाला. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करायचा, पोर्तुगीज घ्यायचा आणि युरोपीय नागरिक म्हणून व्हिसाशिवाय इंग्लंडच्या विमानात बसायचं, हा मडगाव-स्विंडन मार्ग अनेकांनी धरला. गोव्यातल्या सासष्टीतून आलेल्या शेजाऱ्याने पासपोर्ट बदलला म्हणून त्याला मत नाही, आणि वर्क परमिटवर आलेल्या मला मत आहे! निकालाचा पहिला फटका बसणार होता त्याला. आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क राखता आला. पण २०२१ उजाडल्यावर जो पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन नव्याने राहायला-कामाला येईल त्याला इतर परदेशी माणसांसारखा व्हिसा काढणं भाग पडलं. म्हणजे ज्या कामासाठी तो पासपोर्ट घेतला तेच काम संपलं.

मी राहण्याच्या बाजूने मत दिलं. लंडनजवळच्या स्लाउमध्ये राहणाऱ्या माझ्या मराठी मैत्रिणीने सोडण्याच्या बाजूने दिलं, आणि तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ती म्हणायची, पोलंडचा कुणीही उद्या बॅग भरून येऊ शकतो आणि माझ्या आईचा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा नाकारतात, हा कुठला न्याय? शिवाय तिच्याकडे हापूसचा मुद्दा होता. १ मे २०१४ला युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, कारण पेट्यांत फळमाशी सापडली होती. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडवलं. आंबे खाणारे लंडन-लेस्टरचे आणि निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५मध्ये उठली, पण ऐन मोसमात पेटी न मिळाल्याचा राग मैत्रिणीच्या मनात राहिलाच. सोडा म्हणणाऱ्यांच्या प्रचारातही दक्षिण आशियाई मतदारांसाठी अशीच एक हाक होती : युरोपातून येणारे कमी झाले की करी हाउसच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी ती जोरात दिली. (ही ‘इंडियन’ रेस्टॉरंटं बहुतेक सिल्हेटकडच्या बांगलादेशींची आहेत, हे जाता जाता.)

मग काय झालं? निकालाच्या रात्री पाउंड कोसळला. शंभर रुपयांच्या आसपास होता, तो काही महिन्यांत ८५च्या खाली आला. घरी पैसे पाठवणारे आम्ही हळहळलो. पुण्यातून मुलीची फी भरणारा माझा आतेभाऊ खूश झाला. साडेतीन वर्षं संसदेत गोंधळ, पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार तीनदा नापास, आणि शेवटी ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडलं. उत्तर आयर्लंडच्या सीमेचं त्रांगडं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो इथे सोडते.

माझ्या टेबलावर ब्रेक्झिट आलं ते १ जानेवारी २०२१ला, कारण तोवर संक्रमणकाळ म्हणून जुनेच नियम चालू होते. त्याआधी ट्रक लीड्सला जावो की फ्रान्समधल्या लीलला, कागद जवळपास सारखेच. त्या दिवसापासून प्रत्येक खेपेला कस्टम्स डिक्लरेशन, माल मुळात कुठला याचा पुरावा, आणि मांस किंवा दूधदुभतं असेल तर पशुवैद्याच्या सहीचं प्रमाणपत्र. युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारात जकात शून्य आहे, असं नेते सांगत राहिले. खरं आहे, पण ती शून्य जकात ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालाला. भारतातून आलेला पॉलिश केलेला तांदूळ इथे नुसता पिशव्यांत भरून आयर्लंडमध्ये, म्हणजे युरोपीय संघात, डब्लिनला पाठवला, तर तो ब्रिटिश ठरत नाही आणि तिकडे पुन्हा जकात लागते. मोठ्या कंपन्यांनी या कामाला माणसं नेमली. छोट्यांनी हिशोब केला आणि युरोपला माल पाठवणं बंद केलं. गंमत म्हणजे, सीमेचा ताबा परत घेऊ म्हणणाऱ्या सरकारने युरोपातून येणाऱ्या खाद्यपदार्थांची प्रत्यक्ष तपासणी पुढे ढकलत ढकलत एप्रिल २०२४पर्यंत नेली, कारण दुकानं रिकामी पडतील ही भीती.

आता स्विंडनची होंडा. २०१९च्या फेब्रुवारीत कारखाना बंद करणार असं जाहीर झालं, जुलै २०२१मध्ये तो बंद झाला आणि साधारण साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. स्विंडनने स्वतः ५४ टक्क्यांहून जास्त मतं सोडण्याच्या बाजूने दिली होती, त्यामुळे बाहेरचे लोक ‘भोगा आता’ म्हणून मोकळे झाले. कंपनीने मात्र ब्रेक्झिट हे कारण नाही असं सांगितलं : विजेच्या गाड्यांकडे जगाचा कल, म्हणून फेररचना. शिवाय त्याच महिन्यात जपान आणि युरोपीय संघाचा व्यापार करार लागू झाला होता, म्हणजे जपानमधूनच गाड्या पाठवणं पुढे सोपं होणार होतं. माझ्या ऑफिसात यावर अजून वाद होतो, आणि तो मिटणार नाही, कारण ब्रेक्झिट न झालेलं स्विंडन कुणी पाहिलेलं नाही.

देशाच्या हिशोबातही अडचण तीच. सरकारी अंदाजपत्रकाचं परीक्षण करणारी स्वायत्त संस्था म्हणते की संघात राहिलो असतो तर उत्पादकता दीर्घकाळात जितकी झाली असती, त्यापेक्षा ती ४ टक्क्यांनी कमी राहील. मला हा अंदाज पटतो. माझ्यासमोरचे कागदच तसं सांगतात. भारतात सगळे मला २४ जुलै २०२५च्या भारत-ब्रिटन करारावरून विचारतात : बघा, बाहेर पडले म्हणून जमला ना? जमला. भारतात व्हिस्कीवरची जकात १५० टक्क्यांवरून ७५ आणि पुढे ४०वर येणार, इकडे आपल्या कपड्यांना दार खुलं होणार. पण ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने २०४०पर्यंत यातून वर्षाला ४.८ अब्ज पाउंडांची भर पडेल, म्हणजे जीडीपीच्या साधारण ०.१ टक्का. चार गेले आणि दशांश आला, याला भरपाई म्हणवत नाही.

आपला फायदा झाला तो माणसांच्या येण्यात. युरोपातून येणारे कमी झाले, इस्पितळांना, वृद्धाश्रमांना, विद्यापीठांना माणसं हवीच होती. २०२१मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं काम करण्याचा व्हिसा परत आला. २०२३च्या मध्यापर्यंतच्या वर्षात देशात आलेले वजा गेलेले हा आकडा ९ लाखांच्या पुढे गेला, आणि येणाऱ्यांत भारतीय सगळ्यांत पुढे. ज्यांनी स्थलांतर कमी व्हावं म्हणून मत दिलं त्यांना हे मिळालं! मैत्रीण म्हणते, माझंच खरं ठरलं. मी म्हणते, आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं. जागा रिकामी पडली म्हणून आत घेतलं, आणि राग वाढला तसं दार लोटायला सुरुवात झाली. २०२४पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणता येत नाही. जुलै २०२५पासून कुशल कामगाराच्या व्हिसाला सर्वसाधारणपणे ४१,७०० पाउंडांचा पगार लागतो.

काका, तुमचा खरा प्रश्न नातवाच्या एमएस्सीचा आहे हे मला कळतं. तो दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांसाठी अठरा महिन्यांचा होतोय. कर्जाचा हप्ता इथल्या नोकरीच्या भरवशावर ठरवू नका. पुण्यात परतून मिळेल त्या पगारात फिटत असेल तरच पाठवा.